‘बरें जालें’च्या पुढे: शिकणाऱ्या गायक-वादकांनी प्रामाणिक अभिप्राय कसा मिळवावा

श्रावण लागला की गोव्यातील देवळांत भजनी सप्ताहांचे दिवस सुरू होतात, पाठोपाठ चवथ (गणेश चतुर्थी) येते आणि तुळशीचे लग्न उरकले की जत्रांचा हंगाम उभा राहतो. गाणे किंवा वादन शिकणाऱ्या मुलाला वर्षातून चार-पाच वेळा तरी लोकांसमोर बसण्याची संधी इथे सहज मिळते आणि ती फार मोलाची आहे. मात्र कार्यक्रम संपवून सभामंडपाच्या पायऱ्या उतरताना त्याच्या कानावर बहुतेक वेळा एकच वाक्य पडते: ‘बरें जालें.’ म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते आणि ती मायाही शिकणाऱ्याला हवीच असते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तानपुरा लावून बसल्यावर नेमके काय करायचे, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही.

फोंडा परिसरात मी गेली बावीस वर्षे गायन आणि हार्मोनियम शिकवतो. या काळात माझी अशी खात्री झाली आहे की प्रामाणिक अभिप्राय आपोआप चालत येत नाही. तो नेमका प्रश्न विचारून मिळवावा लागतो आणि तो मिळवण्याची विद्या रियाजासारखीच पायरी-पायरीने शिकावी लागते. ही विद्या मी स्वतः उशिरा शिकलो.

एकोणीस वर्षांचा असताना एका देवळाच्या जत्रेत मी रात्री भूप राग गायलो. टाळ्या झाल्या, गावातल्या मोठ्यांनी पाठ थोपटली. साथीला बसलेले वयोवृद्ध पेटीमास्तर भाता मिटवून पेटीवर कापड गुंडाळत होते. मी पाया पडलो तेव्हा कापडाची गाठ मारता मारता त्यांनी विचारले, ‘तू आज भूप गायलास ना रे?’ मी हो म्हणालो. ‘मग मधूनमधून देशकार का येत होता?’ एवढेच बोलून ते पेटी उचलून निघून गेले. तीन दिवस मला त्यांचा राग होता. चौथ्या दिवशी त्या कार्यक्रमाची कॅसेट लावली, वही मांडीवर घेतली आणि जिथे जिथे मी धैवतावर (ध) थांबलो होतो तिथे एक रेघ ओढत गेलो. पंधरा मिनिटांच्या गाण्यात धैवताच्या एकवीस रेघा झाल्या आणि गंधाराच्या (ग) नऊ. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. भूपात गंधार वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, आहे आणि रागाचा जीव पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) आहे, तर देशकारात धैवत वादी आहे आणि राग उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) खुलतो. म्हणजे मास्तरांचा प्रश्न अक्षरशः खरा होता. माझा तार सप्तकातला आवाज मोकळा होता, त्याचे लहानपणापासून कौतुक होत आले होते, म्हणून सवड मिळाली की मी वर जाई आणि वर जाण्यासाठी धैवतावर टेके. ज्या कौतुकाने मला गाण्यात टिकवून ठेवले, त्याच कौतुकाने हा दोष वाढवला होता आणि तो दाखवणारा एक माणूस भेटेपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता.

पहिली पायरी: दाद आणि दुरुस्ती यांची वेगवेगळी अपेक्षा ठेवावी

कार्यक्रम झाल्यावर अर्धा तास तरी दुरुस्ती मागू नये. त्या वेळी मन उघडे असते, शरीर थकलेले असते आणि ऐकणाऱ्यालाही खरे बोलायला अवघडल्यासारखे होते. तेव्हा मिळेल ती दाद मनापासून घ्यावी, नमस्कार करावा आणि ज्याच्याकडून दुरुस्ती हवी असेल त्याला एवढेच विचारावे की ‘उद्या-परवा दहा मिनिटे घरी आलो तर चालेल का?’ या एका वाक्यामुळे समोरच्याला कळते की ही विचारणा औपचारिक नाही, आणि तो ऐकलेले मनात जपून ठेवतो.

दुसरी पायरी: आधी आपण स्वतः ऐकावे

दुसऱ्याचा वेळ घेण्यापूर्वी आपले गाणे आपण ऐकलेले असले पाहिजे. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांमधूनही ऐकू येतो. हाडांतून येणारा भाग खर्जाकडे झुकलेला असल्यामुळे स्वतःचा आवाज आपल्याला प्रत्यक्षापेक्षा भरदार वाटतो. म्हणूनच ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपला आवाज पातळ आणि परका वाटतो. हा धक्का दोन-चार वेळा ऐकल्यावर ओसरतो. तो ओसरेपर्यंत आवाजाच्या पोताविषयी स्वतःचे कोणतेही मत बनवू नये.

ध्वनिमुद्रणासाठी फोन पुरतो, पण तो कसा ठेवतो याला महत्त्व आहे. गाणाऱ्यापासून साधारण एक ते दीड मीटर अंतरावर, तोंडाच्या उंचीच्या जवळपास, वेगळ्या खुर्चीवर किंवा स्टुलावर तो ठेवावा. पेटी ज्या पाटावर किंवा टेबलावर असेल त्यावर फोन ठेवला तर पट्ट्यांचा ठोका आणि भात्याची धडधड स्वरांपेक्षा मोठी येते. फोनमध्ये आवाज स्वच्छ करण्याची सोय असल्यास ती बंद करावी, कारण तानपुऱ्याचा अखंड नाद हा गोंगाट आहे असे समजून ती दाबून टाकते आणि तानपुऱ्याशिवाय सूर तपासणार तरी कशाशी? आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: अनेक फोन मोठा आवाज आपोआप कमी आणि लहान आवाज आपोआप मोठा करतात, त्यामुळे आवाजाच्या चढउताराविषयीचे निष्कर्ष अशा मुद्रणावरून काढणे धोक्याचे असते. सूर, लय आणि उच्चार मात्र त्यावरून व्यवस्थित कळतात.

मुद्रण त्याच रात्री ऐकू नये. एक झोप मध्ये जाऊ द्यावी. मग ते तीन वेळा ऐकावे आणि प्रत्येक वेळी कानाला एकच काम द्यावे. पहिल्यांदा फक्त सूर ऐकावा. दुसऱ्यांदा हाताने ताल धरून फक्त लय तपासावी आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडते ते पाहावे. तिसऱ्यांदा शब्द आणि रागाची चाल यांकडे लक्ष द्यावे. वहीत ‘गंधार कमी’ असे मोघम न लिहिता ‘४ मिनिटे १० सेकंद, अंतऱ्याची दुसरी ओळ, गंधार उतरला’ असे लिहावे. हीच वही पुढे अभिप्राय देणाऱ्यासमोर ठेवायची आहे.

इथे पेटीवर शिकणाऱ्या मुलांसाठी थोडे थांबून सांगतो, कारण या एका बाबीमुळे अनेक घरांत वाद झालेले मी पाहिले आहेत. आपल्या नेहमीच्या हार्मोनियमचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. तिच्यावरचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे समान विभागणीतल्या अर्धस्वराचा शंभरावा भाग. हा फरक लहान आहे, पण लांब लावलेल्या स्वरात तयार कानाला तो स्पष्ट कळतो. केवळ पेटीवर रियाज केलेल्या मुलीला एखादे बुवा ‘गंधार चढतो’ म्हणाले आणि घरी पेटीशी ताडून पाहिल्यावर तो बरोबर निघाला, तर दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते. ज्या आधाराशी सूर ताडला गेला तो आधार वेगळा होता. म्हणून सुराविषयीचा कोणताही अभिप्राय घेताना ‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारावे, आणि गायकांनी तरी तानपुराच प्रमाण मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: कोणाला विचारायचे ते ठरवावे

पहिला हक्क आपल्या गुरूंचा. दुसऱ्या कोणाकडे जाण्यापूर्वी त्यांना सांगावे: ‘सर, परवाच्या गाण्याचे मुद्रण मी तबल्याला बसलेल्या काकांना ऐकवले तर चालेल ना?’ आपल्याकडच्या तालमीच्या परंपरेत ही विचारणा शिष्टाचाराची आहेच, पण तिचा व्यावहारिक उपयोगही आहे. त्या टप्प्यावर कोणत्या गोष्टीकडे मुद्दाम दुर्लक्ष करायचे ठरले आहे, हे गुरूंनाच ठाऊक असते. आकार (‘आ’ लावून गाणे) मोकळा व्हावा म्हणून सहा महिने तान बाजूला ठेवलेल्या मुलाला बाहेरच्या कोणी ‘तानेत दम नाही’ असे सांगितले, तर ती टीका खरी असूनही त्या वेळी निरुपयोगी असते.

गुरूंनंतर सर्वांत उपयोगी माणूस साथीदार, आणि नेमका त्यालाच कोणी विचारत नाही. तबलजीला तुमची लय कुठे धावली हे बोटांतून कळलेले असते. तुम्ही पुढे गेलात तेव्हा ठेका सांभाळून त्याने तुम्हाला झाकून घेतलेले असते. पेटीवाल्याला तुमचा सूर कुठे सुटला हे कळते, कारण त्याच जागी त्याने पेटी हळूच दबवलेली असते. गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाड्यावर भजनाला पखवाज किंवा पेटी धरणारा एखादा जाणता माणूस असतो. त्याच्याकडे कदाचित पदवी नसेल, पण चाळीस वर्षे लोकांचे गाणे उचलून धरल्यामुळे तयार झालेला कान असतो.

तिसरा कान बरोबरीच्या विद्यार्थ्याचा असावा, शक्यतो वेगळे वाद्य शिकणाऱ्याचा. आईवडिलांना सुरालयीविषयी विचारून त्यांना अडचणीत टाकू नये. मात्र ‘शब्द कळले का?’ हा प्रश्न त्यांच्याइतका प्रामाणिकपणे दुसरा कोणी सोडवणार नाही. अभंगाचा एखादा चरण आईला कळला नसेल, तर उच्चाराचे काम बाकी आहे असे निश्चित समजावे.

लोकांसमोर गाऊ लागल्यावर या सगळ्याची गरज संपते असे मानणाऱ्यांनी आपल्याच मातीतले उदाहरण आठवावे. केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ सालचा. अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, भास्करबुवा बखले, बरकतुल्ला खाँ अशा मोठ्या गुरूंकडे थोडाथोडा काळ शिकून झाल्यानंतर १९२१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या आणि पुढची अनेक वर्षे त्यांची तालीम घेत राहिल्या. ज्यांच्या आवाजातली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली, त्या गायिकेने इतके शिकून झाल्यावरही आपले गाणे दुसऱ्याच्या कानासमोर पुन्हा ठेवले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

चौथी पायरी: ‘छान’ हे उत्तर बसणारच नाही असा प्रश्न विचारावा

ही पायरी साधली तर निम्मे काम झाले असे समजावे. ‘कसे झाले?’ या प्रश्नाचे ‘छान झाले’ हे एकच सभ्य उत्तर असते, आणि ते देणाऱ्याला दोष देता येत नाही. प्रश्न असा हवा की उत्तर देण्यासाठी ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष गाण्यात परत जावे लागेल. विलंबित एकतालात गाणाऱ्याने विचारावे: ‘चौथ्या-पाचव्या आवर्तनानंतर मी मुखड्याला घाई करत होतो का?’ (मुखडा म्हणजे समेवर नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ.) भैरव शिकणाऱ्याने विचारावे: ‘कोमल रिषभाचे आंदोलन भैरवाचे वाटले, की आवाज नुसताच थरथरला?’ यमन गाणाऱ्याने तीव्र मध्यमावर बोट ठेवून विचारावे. तबला शिकणाऱ्याने ‘तिरकिट दुगुणीत सगळे सारख्या वजनाचे वाजले का, की शेवटचा बोल गिळला गेला?’ असे विचारावे, किंवा ‘तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) समेवर पडली की मी ती ओढून समेवर आणली?’ असे. बासरीवाल्याने श्वास कुठे ऐकू आला ते विचारावे.

एका भेटीत असा एकच प्रश्न, फार तर दोन. पाच गोष्टी विचारल्या तर पाचही उत्तरे वरवरची येतात आणि पाचही घरी पोहोचेपर्यंत विसरली जातात.

काही जाणती माणसे बोलून दाखवायला संकोचतात, विशेषतः समोरचा मुलगा ओळखीच्या घरातला असेल तर. त्यांच्यासाठी मी वर्गात एक युक्ती वापरतो. मुद्रण लावायचे आणि ऐकणाऱ्याला सांगायचे की कानाला जिथे खटकेल तिथे फक्त मांडीवर बोट आपटा, कारण सांगू नका. शिकणाऱ्याने वहीत ती वेळ टिपून घ्यायची. शेवटी वहीत सहा-सात वेळा जमतात, आणि मग त्या जागा एकेक करून पुन्हा ऐकल्या की तोपर्यंत गप्प बसलेला माणूस आपणहून बोलू लागतो: ‘हे बघ, इथे तू वरून खाली येताना पंचम नुसता ओलांडलास, त्याला स्पर्शसुद्धा केला नाहीस.’ बोट आपटण्यात कोणाचा अपमान होत नाही, म्हणून ते खरे असते.

पाचवी पायरी: ऐकून घेताना

उत्तर चालू असताना खुलासा करू नये. घसा बसला होता, ध्वनिक्षेपकवाल्याने आवाज नीट दिला नव्हता, तबला उतरला होता, ही कारणे कदाचित खरी असतील. पण ती सांगितली की समोरचा माणूस दुरुस्ती थांबवून समजूत घालू लागतो आणि भेट वाया जाते. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. ‘गाणे जरा कोरडे वाटले’ असे कोणी म्हणाले, तर ते वाक्य वहीत तसेच उतरवावे आणि नंतर नम्रपणे विचारावे: ‘कोणत्या जागेपासून तसे वाटू लागले?’ मोघम वाटणारी टीका बहुधा चुकीची नसते, तिला जागा मिळालेली नसते एवढेच. जागा सापडली की कारणही सापडते; कोरडेपणाचे कारण पुष्कळदा एवढेच निघते की गाणारा प्रत्येक स्वर तोडून घेत होता आणि दोन स्वरांमधली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) गळाली होती.

शक्य असेल तर ‘आपण ती जागा एकदा गाऊन दाखवाल का?’ अशी विनंती करावी आणि परवानगी घेऊन ती मुद्रित करावी. दहा वाक्यांनी जे कळत नाही ते एका मुखड्याने कळते.

मनाला लागेल, हे निश्चित. मला तीन दिवस लागले होते, म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो की टीका ऐकल्यावर तीन दिवस कोणताही निर्णय घेऊ नका. तो राग गाणे सोडू नका, गुरू बदलू नका, आणि उत्तरही देऊ नका. रियाज मात्र रोजच्याप्रमाणे चालू ठेवावा.

सहावी पायरी: अभिप्राय पाखडून घ्यावा

मिळालेला प्रत्येक अभिप्राय पाळायचा नसतो. एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी एकाच जागेवर बोट ठेवले आणि मुद्रणातही ती जागा खटकली, तर तो दोष आहे यात शंका ठेवू नये. एकाच माणसाने सांगितले आणि मुद्रणात काही आढळले नाही, तर ते वहीत राहू द्यावे; वर्षभराने कान तयार झाल्यावर कदाचित तेच ऐकू येईल.

दोष आणि आवड यांतला फरक ओळखणे याहून अवघड आहे. आग्रा घराण्याच्या गायकीत मुरलेल्या श्रोत्याला नोमतोम (तालाशिवायची आलापी) आणि बोलअंगाची (बंदिशीच्या शब्दांतून केलेली) लयकारी हवी असते, जयपूर-अत्रौलीच्या श्रोत्याला पेचदार तानांची सलग वीण आणि अनवट राग भावतात, किराण्याच्या श्रोत्याला एकेका स्वराची शांत बढत ऐकायची असते. यांपैकी कोणी ‘यात मजा नाही’ म्हणाला तर तो आपली आवड सांगत असतो, आणि ती आदराने ऐकून घेऊन आपल्या तालमीवर राहावे. पण कणसूर (किंचित बेसूर) झालेला निषाद किंवा चुकलेली सम कोणत्याच घराण्यात चालत नाही.

हवामानाचाही विचार करावा, कारण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे आणि आपले अर्धे कार्यक्रम त्याच काळात होतात. दमट हवेत तबल्याची पुडी (कातडे) सैल पडते, सूर उतरतो आणि चाटीवरचा (कडेवरचा) ‘ना’ हा बोल बोथट येतो. श्रावणातल्या सप्ताहात कोणी तबला शिकणाऱ्या मुलीच्या ‘ना’ला नावे ठेवली, तर आधी तबला सुरात होता का ते पाहावे, मग तिच्या बोटाकडे वळावे. घुमटाचेही तेच आहे. मातीच्या त्या घटाच्या तोंडावरचे कातडे ओल धरते आणि नाद बसतो. २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. त्यानंतर तरुण मुले पुन्हा घुमट-आरतीच्या पथकांत उत्साहाने येत आहेत, तेव्हा पथकाने मुद्रण कसे ऐकावे हेही सांगतो. पथकात प्रत्येकाला फक्त स्वतःचे आणि शेजारच्याचे वाद्य ऐकू येते. म्हणून फोन पथकाच्या मध्ये न ठेवता, आरतीला लोक जिथे उभे राहतात तिथे कोणाच्या तरी हातात द्यावा. नंतर ऐकताना पहिल्या आणि शेवटच्या कडव्याची लय टाळी धरून ताडावी. बहुतेक पथकांत ती वाढलेली आढळेल, आणि ती वाढवणारा बहुधा घुमटवाला नसून कांसाळेवाला (झांजा वाजवणारा) असतो. हे पथकाने एकत्र बसून ऐकले की कोणा एकावर खापर फोडण्याची वेळ येत नाही.

सातवी पायरी: अभिप्रायाचे रियाजात रूपांतर करावे

अभिप्रायाखाली वहीत त्याच दिवशी एक कृती लिहावी आणि तिला पंधरा दिवस द्यावेत. लय धावते, हा दोष असेल तर ठेक्याचे अ‍ॅप बंद करून तीच बंदिश हाताने फक्त सम आणि खाली (टाळी न देण्याची मात्रा) दाखवत गावी. आधार काढून घेतला की धाव कुठे सुरू होते ते स्वतःलाच जाणवते. मग पुन्हा ठेक्यासह गाऊन मुद्रण करावे. गंधार उतरत असेल तर दहा मिनिटे तानपुऱ्यावर फक्त षड्जावरून गंधार आणि पंचमावरून गंधार, एकेका श्वासात, न हलवता लावावा. वरून येतानाच तो उतरत असेल, आणि पुष्कळांचा तसाच उतरतो, तर चूक गंधारात नसून श्वास संपत आल्याची आहे असे समजून दमसासाकडे वळावे. तिरकिट गिळले जात असेल तर लय निम्मी करावी आणि शेवटचा बोल मुद्दाम जड वाजवावा. माझ्या भूपासाठी मी पंधरा दिवस मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच गायलो, मध्य धैवताला हात लावला नाही. सुरुवातीला गाणे अडल्यासारखे वाटले. नवव्या-दहाव्या दिवशी गंधारावर थांबण्यात काय सुख असते ते पहिल्यांदा कळले.

एका वेळी एकच दोष घ्यावा. दोन घेतले तर दोन्ही अर्धवट राहतात, हा माझा वर्गातला नित्याचा अनुभव आहे.

परीक्षा आणि स्पर्धांविषयी थोडक्यात सांगतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा गोव्यातली असंख्य मुले देतात आणि त्यांमुळे अभ्यासाला शिस्त लागते. पण गुणांचा आकडा चूक कुठे झाली ते सांगत नाही. परीक्षेच्या खोलीतून बाहेर आल्याबरोबर, निकालाची वाट न पाहता, परीक्षकांनी काय विचारले, कुठे थांबवले, काय पुन्हा गायला सांगितले ते लिहून ठेवावे. खरा अभिप्राय त्या थांबवण्यात असतो.

सांगणाऱ्यांसाठी

शिक्षक, परीक्षक, पालक आणि गावातले जाणते यांना माझी कळकळीची विनंती आहे, आणि ती एका मुलामुळे आहे. तेरा वर्षांचा हा मुलगा माझ्याकडे चार वर्षे शिकत होता, कान उत्तम, लय पक्की. त्या वर्षी त्याचा आवाज फुटू लागला होता. एका स्पर्धेत, भरल्या सभागृहात, एका परीक्षकांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले की हा आवाज गाण्याचा नाही. त्यानंतर तो वर्गाला आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

मुलांचा आवाज साधारण बारा ते पंधराव्या वर्षांदरम्यान बदलतो. स्वरयंत्र वाढत असते, स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, आवाज मधेच फाटतो, पट्टी खाली येते. या काळात आवाजाविषयी कोणताही निवाडा करू नये. तो काही महिन्यांतच खोटा ठरतो. पट्टी उतरवावी, तार सप्तक सोडून द्यावे, रियाजाचा वेळ कमी करावा, आणि त्या काळात तालाचे, ऐकण्याचे, रागओळखीचे काम करून घ्यावे. पालकांनीही हे आधीच मुलाला सांगून ठेवावे, म्हणजे आवाज फाटला की तो घाबरणार नाही.

एरवीही सांगण्याची रीत सांभाळावी. दुरुस्ती चारचौघांत सांगू नये. माणसावर बोलू नये, जागेवर बोलावे: ‘तू बेसुरा आहेस’ या वाक्यावर मुलाला काहीच करता येत नाही, पण ‘अंतऱ्याच्या तार षड्जाला तू खालून पोहोचतोस, थोडा आधी श्वास घे’ यावर तो संध्याकाळीच कामाला लागतो. जे साधले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे, कारण कोणती गोष्ट राखायची हे त्याला कळले नाही तर दुरुस्तीच्या भरात तो तीही मोडून टाकतो. आणि खोटे कौतुक करू नये. मुलांना ते कळते, आणि एकदा कळले की तुमच्या खऱ्या कौतुकावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

शेवटची पायरी: परत जावे

पंधरा दिवसांनी, किंवा महिन्याने, ज्याने दोष दाखवला त्याच्याकडे नवे मुद्रण घेऊन परत जावे. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. आपण सांगितलेले कोणी खरेच मनावर घेतले, हे दिसल्यावर सांगणारा पुढच्या वेळी अधिक मोकळेपणाने आणि अधिक खोलातले बोलतो. जाताना जुने मुद्रणही बरोबर ठेवावे, आणि आधी जुने, मग नवे, असे ऐकवावे. नुसते नवे ऐकवले तर ऐकणाऱ्याला आधीचा दोष आठवत नाही आणि उत्तर पुन्हा ‘छान’वर येते.

मी त्या पेटीमास्तरांकडे दीड महिन्याने गेलो. ते ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. कॅसेट लावली, त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि दोन्ही वेळचा भूप शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, ‘देशकार गेला.’ मला वाटले झाले. त्यांनी कॅसेट मागे घ्यायला सांगितली, मुखड्याच्या जागी थांबवली आणि विचारले, ‘आता ही सम ऐक. दर वेळी तू पाव मात्रा आधी येतोस. पुढच्या रविवारी येशील?’